बाटली धुणाऱ्यांना प्रतिज्ञा शिकवू नका



बेटेगावच्या आपल्या वस्तीतल्या मंडळाने ठराव केलाय. दारू पिऊन सापडला तर पाचशे एक रुपये दंड. दुसऱ्यांदा सापडला तर नाव विहाराच्या फळ्यावर. तिसऱ्यांदा सापडला तर त्याच्या घरच्या लग्नाला, मयतीला वस्तीतल्या कुणी जायचं नाही. हातभट्टी विकणाऱ्या बाईने खोली खाली करायची. ठराव टाळ्यांनी पास झाला.

फळ्यावर आज अकरा नावं आहेत. अकरातले नऊ एमआयडीसीत ठेक्यावर. एक रिक्षावाला. एक म्हातारा, ज्याला आता दिसतही नाही.

मी या ठरावाच्या विरोधात आहे. दारूच्या बाजूने नाही, ठरावाच्या विरोधात. या दोन गोष्टींत फरक दिसत नसेल त्याने पुढचं जरूर वाचावं, कारण हे त्याच्यासाठीच लिहिलंय. तुमची कळकळ खोटी आहे असं मी म्हणत नाही. बाप पिऊन आलेला बघत तुम्ही मोठे झालात, मीपण झालो. पण तुम्ही फळा उचललाय तो चुकीच्या भिंतीवर टांगलाय. दारूचा धंदा मी तुमच्यापेक्षा जवळून बघितलाय. गिऱ्हाईक म्हणून बघितला, त्याहून जास्त मजूर म्हणून.

१९८७ ते १९९१, चार वर्षं मी बिअरच्या कारखान्यात बाटल्या धुतल्या. गाव तेव्हाचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. कारखान्याचं नाव लिहीत नाही. १९७८ ला नामांतराच्या दंगलीत नांदेडकडचं आमचं घर जळालं तेव्हा बाप आम्हाला घेऊन शहरात आला. बाबासाहेबांचं मिलिंद कॉलेज रोज लांबून दिसायचं. पण दहावीनंतर मी ठेकेदाराच्या हजेरीबुकात गेलो.

बिअर कशी होते? जव भिजवून मोड आणतात, वाळवतात, त्याला माल्ट म्हणतात. माल्ट भरडून गरम पाण्यात शिजवला की गोड काढा निघतो. तो गाळून त्यात हॉप्स नावाची कडू फुलं घालून उकळतात, थंड करतात, यीस्ट सोडतात, मग टाकीत दिवसच्या दिवस फसफसत राहतं. उरलेला चोथा म्हशीवाले घेऊन जातात. हे सगळं आतल्या अंगाला, चकचकीत फरशीवर. तिथं पांढऱ्या कोटातले बीएस्सीवाले. त्यांची आडनावं तुम्ही न सांगता ओळखाल. आमची बाजू बाटलीची.

बाटली नवी नसते हे पिणाऱ्याला ठाऊक नसतं. ती फिरत असते. कुणी साहेब परमिट रूममध्ये बिअर पितो, बाटली मागच्या दाराने भंगारात जाते, नाहीतर उकिरड्यावर. उकिरड्यावरून ती उचलणारी बाई कोण? पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली तेव्हा सगळ्या जगाला दिसलं की कचरा वेचणाऱ्या बायांत बहुसंख्य आपल्याच, दलित. तिने उचललेली बाटली पोत्यातून, क्रेटमधून कारखान्यात यायची आणि ती धुवायला मी उभा. उचलणारी आपली, धुणारा आपला, फुटली तर काच झाडणारा आपला. मधे प्यायला तेवढा दुसरा.

त्या बाटल्यांत काय नसायचं! विडीची थोटकं, पानाची पिंक, झुरळं, एकदा उंदराचं पिल्लू. मुताने भरलेली बाटली तर उचलल्या उचलल्या वजनावरून कळायची. ती आधी हाताने रिती करायची, मग मशीनला लावायची. मशीनमध्ये कॉस्टिक सोड्याचं कढत पाणी. हातमोजे महिन्याला एक जोड, तो आठ दिवसांत फाटायचा. उरलेले दिवस कातडी. जेवायला बसलो की चटणीचं मीठ बोटांच्या भेगांत शिरायचं, म्हणून मी कितीतरी दिवस भाकरी डाव्या हाताने मोडायचो. डावा त्यातल्या त्यात बरा होता.

धुतलेल्या बाटल्या एका पांढऱ्या दिव्यासमोरून सरकायच्या. दिव्यापुढे बसलेल्याने टक लावून बघायचं, आत काडी राहिली का, काचेला तडा आहे का. ठरावीक वेळाने माणूस बदलायचा असा नियम होता. नियम होता, माणूस नव्हता. सुटी झाल्यावर घरी जाताना रस्त्यावरचे दिवेपण बाटल्यांसारखे सरकताना दिसायचे.

आणि पाणी. एक लिटर बिअर काढायला कारखान्याला चार-पाच लिटर पाणी लागतं, धुण्यापुसण्यासकट. कारखान्याला पाइपलाइन, आमच्या झोपडपट्टीला टँकर. मी दिवसभर पाण्यात उभा आणि घरी माझी माय दोन हंड्यांसाठी भांडणात उभी. मराठवाड्यात हे पुढेही बदललं नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, आणि त्याच उन्हाळ्यात दारूच्या कारखान्यांचं पाणी तोडा हे सांगायला हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाला बसावं लागलं. मे महिन्यात ६० टक्के कपात झाली. सरकारला आपणहून सुचलं नव्हतं.

आता बाटल्या फुटण्याचं. भरून, बूच मारून झालं की बाटल्या गरम पाण्याच्या फवाऱ्यांच्या बोगद्यातून जातात. तिथं साठ अंशाला बिअर टिकाऊ होते. आत गॅस कोंडलेला, बाहेर ऊन पाणी, काच जुनी, कित्येक वेळा वापरलेली. फट्ट! दिवसाला किती फुटायच्या ते कुणी मोजत नव्हतं, फक्त झाडायचं. डोळ्याला जाळीचा चष्मा लावायचा असं भिंतीवर लिहिलेलं होतं. चष्मे कायम कामगारांना मिळायचे. आम्ही ठेक्याचे.

१९९० च्या उन्हाळ्यात माझ्या पाळीतल्या एका पोराचा डावा डोळा गेला. माझ्यापासून चार हातांवर. त्याला सरकारी दवाखान्यात पोचवून आम्ही परत आलो तेव्हा सुपरवायझरचा कागद तयार होता. त्यात लिहिलेलं: अपघातसमयी कामगाराच्या तोंडाला मद्याचा वास येत होता.

अरे, बिअरच्या कारखान्यात कुणाला वास येत नाही? चपलेला येतो, डब्याला येतो, सायकलच्या सीटला येतो. माझी माय म्हणायची, तू घरात यायच्या आधी तुझा वास येतो. त्या न्यायाने मॅनेजरच्या कोटालाही येत असणार.

पण त्या एका ओळीचं काम मोठं होतं. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात एक वाट ठेवलेली होती. कामगार अपघाताच्या वेळी दारूच्या अमलाखाली असेल आणि अपघात थेट त्यामुळेच झाला असेल, तर मरण सोडून बाकी कुठल्याही इजेची भरपाई मालकावर लागत नव्हती. एक डोळा म्हणजे मरण नव्हे, दुसरा शाबूत आहे ना! ठेकेदाराने विम्याचं कार्डही काढलेलं नव्हतं. पोराला अठराशे रुपये दिले आणि कागदावर अंगठा घेतला. त्याला सही येत होती, तरी अंगठा.

तो पोरगा पीत होता का? होता. रविवारी. अपघात झाला तो मंगळवार. आणि समजा मंगळवारी प्यालेला असता, तरी बाटली काय त्याच्या पिण्याने फुटली?

ती १९२३ ची वाट बंद झालेली नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ती आली आणि संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. आता तुमच्या फळ्याकडे बघा. नऊ ठेका कामगारांची नावं, तारखेसकट, बापाच्या नावासकट, आपल्याच हस्ताक्षरात. उद्या यातल्या एकाचा हात रोलरमध्ये गेला तर ठेकेदाराने साक्षीदार कशाला शोधायचा? तो मोबाईलवर फळ्याचा फोटो काढेल आणि म्हणेल, बघा, हा दारुडा आहे, असं यांच्या समाजानेच लिहून दिलंय. त्या सुपरवायझरला खोटं लिहावं लागलं होतं. तुम्ही त्याचं कष्ट वाचवलं.

तारापूरला हात जातात, डोळे जातात, जीव जातात, हे मी बेटेगावच्या पोरांना सांगायची गरज नाही. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी कोलवड्याला स्फोट झाला, आठ माणसं गेली. खिडक्यांच्या काचा कुठवर हादरल्या ते तुमच्या आयांना विचारा. केंद्रीय प्रदूषण मंडळाने २०१८ साली देशभरातल्या औद्योगिक वसाहतींचं प्रदूषण मोजलं तेव्हा तारापूर देशात पहिलं आलं. या पहिल्या नंबराचा फळा कुणी कुठं टांगलाय का?

मी १९९२ ला इकडे आलो, मावसभावाच्या ओळखीने, रंगाच्या कारखान्यात. अंगावर पावडर बसायची. आंघोळ करूनही रात्री घामातून रंग सुटायचा, उशी पिवळी, थुंकी कधी निळी कधी लाल. जुने लोक पहिल्याच दिवशी सांगायचे, केमिकल उतरवायचं तर क्वार्टर मार, नाहीतर छातीत बसेल. डॉक्टर हे मानत नाहीत, मीही आता मानत नाही. पण कारखान्यात नाकाला फडकं बांधायला मिळत नव्हतं आणि गेटच्या बाहेर औषध म्हणून संत्रा मिळत होती. माणूस काय करेल? बारा तास उभं राहून सुटल्यावर बसायला दुसरी जागा तरी कुठं होती? खोलीत सात जण पाळीपाळीने झोपायचे. वाचनालय नाही, युनियनचं ऑफिस नाही, पार्कात बसलं तर हवालदार उठवायचा. बाकडं फक्त गुत्त्यात.

ते बाकडं मला चांगलं आठवतं. पत्र्याची शेड, साठचा बल्ब, भिंतीला टेकून बसलं की पाठीला चुना लागायचा. भाजलेला सुका बोंबील, उकडलेलं अंडं, मिठाची पुडी. ग्लास धुवायला एकच बादली, त्यात सगळ्यांचे ग्लास बुचकळायचे. वारली, युपीचा, खान्देशचा मराठा, आम्ही, सगळे त्याच बादलीचे. माझ्या गावात पाटलाच्या मळ्यावर आमच्यासाठी वळचणीला खोचलेली करवंटी होती. इथं कुणी जात विचारली नाही, पैसे आधी मागितले. गुत्त्यात ही बरोबरी मिळाली आणि गावच्या देवळात, पाणवठ्यावर मिळाली नाही, याचा जाब गावाला विचारा, गुत्त्यावरच्या माणसाला नव्हे.

याच बाकड्यावर आम्ही युनियनचं पहिलं पत्रक मोठ्याने वाचलं. मालकाने गल्ल्यावर बसून ऐकलं. तिसऱ्या दिवशी आमच्यातल्या सहा जणांचं गेट बंद. गुत्तेवाला आणि ठेकेदार एका ताटात जेवत होते हे आम्हाला उशिरा कळलं, खरं तर शनिवारीच कळायला पाहिजे होतं. शनिवारी मुकादम पगार वाटायला गुत्त्यात बसायचा. म्हणायचा, सुट्टे इथंच मिळतात. पाचशेची नोट मोडायची तर क्वार्टर घ्यावी लागायची. मागची उधारी मालक तिथंच कापायचा. घरी पोचायच्या आधीच पगाराला भोक.

इंग्लंडात नेमकं हेच चालत होतं. तिथल्या मजुरांच्या बायकापोरांची उपासमार झाली, ओरड झाली, आणि १८८३ साली त्यांच्या पार्लमेंटने कायदा केला की मजुराचा पगार दारूच्या दुकानात वाटायचा नाही. वाटला तर गुन्हा वाटणाऱ्याचा. मजूर पितो का, किती पितो, हे त्या कायद्याने विचारलं नाही. आणि त्याच इंग्रजाने आपल्या ठाणे जिल्ह्यात काय केलं? १८७८ चा अबकारी कायदा आणला, गावोगावच्या भट्ट्या मोडल्या, दारू गाळण्याचा आणि विकण्याचा मक्ता पैसेवाल्यांच्या हाती दिला. तरी वारली मोहाची गाळतोच म्हणून १८९२ साली म्हौरा ॲक्ट आणून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरच बंधन घातलं. झाडाखाली पडलेलं फूल उचललं तरी गुन्हा. आपल्या राज्य सरकारला मोहफुलं मोकळी करायला २०२१ साल उजाडलं. तिकडे ठेकेदाराचा हात धरला, इकडे फुलं वेचणाऱ्या आदिवासी बाईचा. आपला ठराव या दोन्हींपैकी कुठल्या वळणाचा आहे ते तुम्हीच बघा.

हे वाचून कुणी गुत्त्याला देऊळ करू नये. माझ्या बहिणीने एकोणीस वर्षं मार खाल्ला. दाजी रंगाच्याच कारखान्यात, लिव्हर जाऊन बेचाळिसाव्या वर्षी मेला. मी तिला ठराव वाचून दाखवला. म्हणाली, "आरं, त्याचं नाव फळ्यावर लिवलं असतं तर मार कमी झाला असता का? फळ्याचा राग त्यानं माझ्यावरच काढला असता. आन् पाचशे रुपये दंड कुठून भरला असता? माझ्याच डब्यातून." मग जरा वेळाने म्हणाली, "मयतीला कुणी आलंच नसतं तर खांदा कुणी दिला असता? तू एकटा?"

याचं उत्तर मंडळाने तिला द्यावं. मला जमलं नाही.

बाबासाहेबांनी १९२७ ला पेपर काढला त्याचं नाव 'बहिष्कृत भारत'. वाळीत टाकणं म्हणजे काय हे आपल्यापेक्षा जास्त या देशात कुणाला कळतं? महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१७ पासून लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड. तो गावकीच्या, जातपंचायतीच्या जुलमासाठी केलाय. त्यात केस आपल्या विहारावर व्हावी अशी कुणाची इच्छा आहे का? आणि लग्न-मयत तोडण्याची शिक्षा त्या माणसाला होत नाही, त्याच्या बायकोला आणि पोरीला होते. पोरीचं लग्न मोडेल. बाप गुत्त्यात बसलेलाच असेल.

भट्टीवालीचंही तेच. आपल्या वस्तीतल्या त्या बाईचा नवरा गटारात उतरून मेला, भरपाई मिळाली नाही, दोन पोरं शाळेत. ती काळा गूळ आणि नवसागर आणते तेव्हा दुकानदार पैसे घेतो, हप्ता नेणारा हप्ता नेतो, आणि खोली फक्त तिने खाली करायची. हातभट्टीने माणसं मरतात हे खरं. जून २०१५ ला मालवणीत विषारी दारूने शंभरावर मजूर मेले. पण ते मेले मिथेनॉलने. मिथेनॉल कुठल्या झोपडीत होत नाही, ते कारखान्याचं रसायन आहे. ते ज्या वाटेने दारूत येतं त्या वाटेवर उभं राहायला आपल्यातले किती तयार आहेत? त्या बाईला दुसरा धंदा उभा करून द्या. मग तिच्या दारात जा, मीही येतो.

आता बाबासाहेबांच्या विरोधात कोण, त्या प्रश्नावर येतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यातली सतरावी दारूची. पंचशीलातलं पाचवं शील तेच सांगतं. मी २००१ पासून थेंब घेतलेला नाही. पण याच बाबासाहेबांच्या शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनने १९५१ च्या जाहीरनाम्यात सरकारी दारूबंदीला विरोध केलाय. वाचलाय का? दारूबंदीने सरकारचा महसूल बुडतो, ज्या पैशातून गरिबांसाठी काही करता येईल तो पैसा जातो, वर पोलिसांचा खर्च वाढतो, आणि दारू घराघरांत गाळली जाऊ लागते, हे त्यांचं म्हणणं. १९५१ चं आणि १९५६ चं यात काहींना विसंगती दिसते. मला दिसत नाही. प्रतिज्ञा माणूस स्वतः घेतो, ताठ मानेने, आपल्या तोंडाने. बंदी वरून लादली जाते आणि हवालदाराच्या दांडक्याने पाळली जाते. बाबासाहेबांनी प्रतिज्ञा दिली, दांडकं दिलं नाही. तुम्ही प्रतिज्ञेचंच दांडकं केलंत.

बंदी कुणावर चालते ते आपल्या जिल्ह्याने बघितलंय. मुंबई राज्यात १९५० ला संपूर्ण दारूबंदी आली तेव्हा हा भाग त्या राज्यात होता. श्रीमंताला प्रकृतीच्या कारणाने परमिट मिळायचं, परमिट रूम हा शब्द तिथूनच आलाय. गरिबाला हातकडी. अजूनही कायद्याने इथं दारू प्यायला परवाना लागतो आणि वर्षानुवर्षं एका दिवसाचा परवाना देशी पिणाऱ्याला दोन रुपयांना, विदेशी पिणाऱ्याला पाच रुपयांना. वर्ण परवान्यातही आहेत. मग १९७३ ला देशी दारूचे नियम झाले, देशीच्या दुकानांना लायसन मिळू लागली, बहात्तरच्या दुष्काळाने गाव सोडलेली माणसं तेव्हा कुठं कारखान्यांच्या दारांत येऊन बसत होती. चंद्रपूरला २०१५ ला बंदी आली, २०२१ ला उठवावी लागली, कारण मधल्या काळात चोरटा धंदा वाढला आणि त्यात बायापोरं ओढली गेली. आपल्या इथं तर वर गुजरात कोरडं, शेजारी दमण ओलं. दमणची बाटली पिशवीतून बोईसरला किती वेळात येते ते फळ्यावर नावं लिहिणाऱ्यांनाही माहीत आहे, काहींना जरा जास्तच.

जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० साली त्यांनी दारूच्या दुकानांविरुद्ध पत्र लिहिलं. कुणाला? नगरपालिकेच्या कारभाऱ्याला. दुकान उघडू देणाऱ्याला. दारुड्याच्या दारावर त्यांनी काही लिहिल्याचं मला तरी वाचायला मिळालेलं नाही.

मग दुकान उघडू देणारा आज कोण? सरकार. २०२४ च्या जुलैपासून सरकार लाडक्या बहिणीच्या खात्यात महिन्याला दीड हजार टाकतंय. चांगली गोष्ट, माझ्या बहिणीलाही मिळतात. जून २०२५ मध्ये त्याच सरकारने दारूवरचा कर वाढवला, हिशोब केला की वर्षाला चौदा हजार कोटी जादा येतील. देशीची १८० मिलीची बाटली कमीत कमी ऐंशी रुपयांना विकायची असं ठरलं. म्हणजे बहिणीला दिलेलं दाजीच्या खिशातून परत. रोज एक क्वार्टर धरा, महिन्याला चोवीसशे. आणि तिकडे बिअरचा खप घटला म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारने अभ्यास समिती नेमली, कर कमी करता येईल का ते बघायला. बिअर कमी विकली गेली तर समिती. बाटली धुणाऱ्याचा डोळा गेला तर अठराशे रुपये.

म्हणून मी म्हणतो, फळा पुसा. आज पुसा. नावं पुसण्याआधी कुणी त्याचा फोटो काढला असेल तर तोही पुसायला लावा. दंडाचे जे पैसे जमलेत ते परत करा, बायकांच्या हातात. पिणाऱ्यांना बैठकीतून हाकलू नका, बोलवा. त्यातल्या चौघांना तरी सोडायची आहे, त्यांनी मला सांगितलंय. तुम्हाला सांगणार नाहीत, तुम्हाला घाबरतात. त्यांना डॉक्टरकडे घेऊन जायला कुणीतरी लागतं, एकदम सोडली की अंग थरथरतं, झोप उडते, भास होतात. तेव्हा शेजारी रात्रभर बसायला माणूस लागतो. मंडळाने ती पाळी लावावी.

आणि फळा रिकामा ठेवू नका. त्यावर ठेकेदारांची नावं लिहा. कुणी हातमोजे दिले नाहीत, कुणी विम्याचं कार्ड काढलं नाही, कोण कामगाराचं एटीएम कार्ड स्वतःच्या खिशात ठेवतो. तारखेसकट. एवढं लिहायला टाळ्या वाजतील की नाही माहीत नाही, कारण त्यात एकदोन ठेकेदार आपल्याच मंडळाला जयंतीची वर्गणी देणारे आहेत. वर्गणीच्या पावतीबुकातून मला दिसलं.

गुत्ता हलवायचा असेल तर त्याचाही रस्ता आहे, आणि तो बायांच्या हातात आहे. २००८ च्या नियमाप्रमाणे ग्रामपंचायतीतल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के बायांनी सह्या करून मागणी केली की गुप्त मतदान घ्यावं लागतं. उभी बाटली की आडवी बाटली. मतदानाला आलेल्यांच्या निम्म्याने भागत नाही, यादीतल्या एकूण मतांच्या निम्म्याहून जास्त आडवी पडावी लागते, म्हणून घराघरातून बाई बाहेर काढावी लागते. पाळीवरून आलेली, धुणीभांडी करून आलेली, नवऱ्याने अडवलेली. हे काम दंड गोळा करण्यापेक्षा फार जड आहे. यात आपल्या वस्तीचीच मतं पुरणार नाहीत, वारली पाड्यावर जावं लागेल, युपीवाल्यांच्या चाळीत जावं लागेल, ज्यांच्या घरी आपण कधी चहा घेतला नाही. बुलेट ट्रेनचं स्टेशन बेटेगावला होतंय, जमिनीचे भाव चढलेत, नवे परमिट रूमवाले जागा बघत फिरतायत. उशीर केला तर एका गुत्त्याच्या जागी चार होतील.

माझी बहीण सही करायला तयार आहे. भट्टीवाली बाईपण तयार आहे, हे ऐकून हसू नका. दोन सह्या झाल्या. मतदार यादी मागवली आहे. ती आली की बायांची नावं वेगळी काढायला चार पोरं लागतील, ज्यांचं अक्षर बरं आहे. फळ्यावरचं अक्षर मी बघितलंय. चांगलं आहे.